प्रकल्प नोंदी : कार्ड क्रमांक ३७, ग्रेहाउंड

१८ जून २०२४

शब्दपेटीतलं ३७ नंबरचं कार्ड आज बाजूला काढून ठेवलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय : "ग्रेहाउंड. ग्रे म्हणजे करडा, हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा. करड्या रंगाचा शिकारी कुत्रा."

मंगळवारी आठवीच्या तासाला मुलं पेटीतून एकेक कार्ड उचलतात आणि उभं राहून वाचतात. आज हे कार्ड वस्तीवरून चालत येणाऱ्या एका मुलीच्या हाती आलं. तिच्या घरी मेंढरं आहेत आणि मेंढरांबरोबर चार कारवान कुत्री. तिनं कार्ड वाचलं, उलटून चित्र पाहिलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "बाई, ह्ये कुत्रं तर तांबडं हाय की. मग करडं कसं?"

मी म्हणाले, करडीही असतात. ती गप्प बसली, पण तिचं समाधान झालेलं नाही हे दिसत होतं. खरं तर माझंही झालं नाही. कुत्र्याची एक अख्खी जात, आणि तिला नाव एका रंगाचं, तेही इतर रंगाची कुत्री त्या जातीत सर्रास असताना? हा प्रश्न कार्ड लिहिताना मला पडायला हवा होता.

प्रकल्पाचा नियम पहिल्याच दिवशी पेटीच्या झाकणावर लिहिलाय. शंभर इंग्रजी शब्द, एका बाजूला शब्द आणि चित्र, दुसऱ्या बाजूला तो शब्द कुठून आला ते साठ शब्दांच्या आत. जे पक्कं माहीत नाही ते कार्डावर लिहायचं नाही. हे कार्ड त्या नियमात बसत नाही. नवं तयार होईपर्यंत ते पेटीबाहेर.

२१ जून

आधी कुत्राच पाहिला. उंच, पोट आत ओढलेलं, छाती खोल, पाय काठीसारखे, वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर. हा वासावर माग काढणारा कुत्रा नव्हे. मोकळ्या माळावर ससा डोळ्यानं टिपायचा आणि धावून गाठायचा, हे त्याचं काम. रंग काळा, पांढरा, तांबूस, बदामी, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, पांढऱ्यावर ठिपके असलेला. करडी कुत्री असतात, पण थोडी. आणि ही जात पाळणारे लोक त्या करड्या कुत्र्याला करडा म्हणतच नाहीत, 'ब्लू' म्हणतात. म्हणजे ग्रेहाउंडवाल्यांच्या बोलीत ग्रे रंगाचा ग्रेहाउंड नाहीच, निळा ग्रेहाउंड आहे.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. अमेरिकेत रंगाचं स्पेलिंग ए घालून करतात, इंग्लंडात ई घालून. कुत्र्याचं स्पेलिंग मात्र अमेरिकेतही ई घालूनच. यानं काही सिद्ध होत नाही, पण कुत्रा आणि रंग कुठेतरी वेगळे चाललेत अशी शंका बळावते.

२३ जून

रविवार, दिवसभर यातच. आता मला पटलंय की कुत्र्याचा आणि रंगाचा काही संबंध नाही. पुरावा इतका साधा आहे की आठवीच्या मुलांना फळ्यावर दाखवता येईल.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या कुत्र्याला 'ग्रीगहुंड' म्हणत. त्याच काळात करड्या रंगाला शब्द होता 'ग्रॅग'. दोन्हींतला शेवटचा ग नुसता लिहायचा, उच्चार यसारखा. आज दोन्ही 'ग्रे' ऐकू येतात. पण मधला स्वर बघा. कुत्र्यात ई, रंगात अॅ. रंगावरून नाव पडलं असतं तर जुना शब्द 'ग्रॅगहुंड' असायला हवा होता. तसा तो नाही.

समुद्रापलीकडे, नॉर्वे आणि आइसलँडच्या जुन्या नॉर्स भाषेत तर फरक आणखी उघड आहे. तिथे हा कुत्रा 'ग्रेयहुंडर', आणि करडा रंग 'ग्रार'. 'ग्रार'पासून 'ग्रेयहुंडर' होऊच शकत नाही. आणि नॉर्समध्ये 'ग्रेय' हा शब्द सुटाही सापडतो. त्याचा अर्थ कुत्री. मादी. कधी नुसतंच कुत्रं.

म्हणजे ग्रेहाउंड या शब्दात पुढेही कुत्रं आणि मागेही कुत्रं.

जुन्या इंग्रजीतला 'ग्रीग' आणि नॉर्समधला 'ग्रेय' ही एकाच घरातली भावंडं, असं आज शब्दांचा इतिहास पाहणारे मानतात. इंग्रजीत मात्र सुटा 'ग्रीग' उरलेल्या लिखाणात भेटत नाही. तो फक्त या जोडशब्दात अडकून राहिला. अशा अडकलेल्या तुकड्याला भाषाशास्त्रात क्रॅनबेरीचं नाव दिलंय, कारण त्या फळाच्या नावातला 'क्रॅन' आजच्या इंग्रजीत एकटा उभा केला तर त्याला काही अर्थ उरत नाही.

एकदा तो तुकडा अनाथ झाला की पुढचं आपोआप घडतं. कान ओळखीचा शब्द शोधतो. इंग्रजांच्या कानाला ओळखीचा होता तो रंग. मी त्याच कानानं कार्ड लिहिलं होतं.

२९ जून

'ग्रेय' हा शब्द माणसांच्या तोंडी कसा असायचा हे पाहायचं होतं. दोन जागा सापडल्या. दोन्ही मनात घर करून बसल्या आहेत.

पहिली आइसलँडची. इ.स. १००० च्या जरा आधी तिथे जुने देव आणि ख्रिस्ताचा धर्म यांचा वाद पेटला होता. सगळ्या बेटाची सभा उन्हाळ्यात उघड्यावर भरे, तिला आल्थिंग म्हणत. त्या सभेत, कायदे जिथून सांगत त्या शिळेपाशी, ह्याल्टी स्केग्यासोन नावाच्या माणसानं दोन ओळींचं कवन म्हटलं. आशय असा : देवांवर भुंकायची मला हौस नाही, पण फ्रेया मला 'ग्रेय' वाटते. फ्रेया ही त्यांची मोठी देवी. देवीला कुत्री म्हटल्याबद्दल ह्याल्टीला देशोधडीला लावलं. पुढे तो परतला, आणि त्याच सभेनं नवा धर्म स्वीकारला. शे-सव्वाशे वर्षांनी आरी थोर्गिल्सोन यानं आइसलँडच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं, त्यात ही दोन ओळींची शिवी जशीच्या तशी जपली आहे. त्या कवनात 'भुंकणे' आणि 'ग्रेय' शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे अर्थाबद्दल शंकाच राहत नाही. 'ग्रेय' म्हणजे रंग असता तर कुणाला हद्दपार करण्याचं कारण नव्हतं.

दुसरी जागा जुन्या नॉर्स काव्यातली, थोर नावाच्या देवाचा हातोडा चोरीला जातो त्या कथेतली. चोर आहे थ्रिम, राक्षसांचा राजा. कवी त्याची ओळख करून देतो ती अशी : तो एका टेकाडावर बसलाय, आपल्या 'ग्रेयां'साठी सोन्याचे पट्टे वळतोय आणि घोड्यांची आयाळ सारखी करतोय. बस्स, एवढंच. हातोडा चोरून निवांत बसलेला धनी, आणि हातात कुत्र्याचा पट्टा. जनावरं सांभाळलेल्या माणसालाच सुचेल असं हे चित्र आहे. आमच्या शाळेच्या रस्त्यावर त्या मुलीचे आजोबा दगडावर बसून असंच करत असतात. लोकरीची दोरी मांडीवर वळतात, मधे कवड्या ओवतात, आणि कुत्रं पायाशी पडून असतं. सोनं नाही, पण बोटांची चाल तीच असणार.

आजच्या आइसलँडी भाषेत 'ग्रेय' शिवी राहिलेली नाही. कुणाला लागलं, कुणी दमलं, पोर रडलं की म्हणतात 'ग्रेयिथ', म्हणजे बिचारं. शिवीचं माप उतरत उतरत माया झाली.

२ जुलै

मंगळवार. कार्ड अजून तयार नाही, पण फळ्यावर 'कुत्रं + कुत्रं' एवढंच लिहिलं आणि विचारलं, एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून केलेला शब्द आपल्याकडे आहे का?

पहिला हात मागच्या बाकावरून. "पावरोटी." मला इतका आनंद झाला! पाव पोर्तुगीज, गोव्याच्या वाटेनं आलेला, अर्थ रोटीच. रोटी आपली. नवा शब्द कळावा म्हणून जुना त्याच्या शेजारी बसवला. मग रांगच लागली. धनदौलत, कागदपत्र, लाजशरम, रीतरिवाज, मानमरातब, बाजारहाट. यातल्या प्रत्येकात एक भाग फारसी-अरबीकडून आलेला आणि दुसरा आपल्या जुन्या घरातला. सहाशे वर्षं दोन्ही भाषा एका कचेरीत आणि एका बाजारात बोलल्या गेल्या, तर अशी जोडी जमणारच.

एका मुलानं शंका काढली. यात दोन्ही अर्धे शब्द आपल्याला कळतात. धन कळतं, दौलत कळते. इंग्रजाला तर पहिला कळत नाही. बरोबर आहे त्याचं. पावरोटी हे उदाहरण जवळचं आहे, पण तंतोतंत नाही. ज्यातला एक अर्धा मेलाय असा मराठी शब्द हवा. हा प्रश्न मी घरी घेऊन आले.

७ जुलै

इंग्रजांनीही हा शब्द सोडवायचा प्रयत्न केला होता. त्या प्रयत्नांची नोंद ठेवते, कारण चुकीची उत्तरंही मुलांनी पाहावीत असं मला वाटतं.

जॉन कीझ. नाव लिहितात 'कायस' असं, आणि उच्चारतात 'कीझ'. पहिल्या एलिझाबेथ राणीचा वैद्य, केंब्रिजचं एक कॉलेज आजही त्याच्या नावानं आहे. त्यानं स्वित्झर्लंडच्या कॉनराड गेस्नर या निसर्गपंडितासाठी इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली, ती १५७० मध्ये छापली गेली, आणि १५७६ मध्ये अब्राहम फ्लेमिंगनं ती इंग्रजीत आणली. कीझ म्हणतो, 'ग्रे' हा लॅटिन 'ग्राडुस'पासून आला, म्हणजे पायरी, दर्जा. कुत्र्यांत सर्वांत वरच्या दर्जाचा तो ग्रेहाउंड. त्या काळी हा कुत्रा उमरावांच्या घरचा, त्यामुळे त्याला हे पटणं स्वाभाविक होतं. विद्वान माणूस, आणि विद्येच्या भाषेत लॅटिनखेरीज दुसरं दार त्याला दिसत नव्हतं.

दुसरं उत्तर ग्रीकांचं. मधल्या काळच्या इंग्रजीत ग्रीकला 'ग्र्यू' म्हणत, आणि या कुत्र्याचं नाव 'ग्र्यूहाउंड' असंही लिहिलेलं सापडतं. लोकांनी त्याला ग्रीसचा कुत्रा ठरवला. स्कॉटलंडच्या बोलीत नुसतं 'ग्र्यू' म्हटलं तरी हाच कुत्रा.

तिसरं उत्तर बॅजरचं. बिळात राहणारा तोंडावर पांढरे पट्टे असलेला हा प्राणी, त्याला एके काळी इंग्रजीत 'ग्रे' म्हणायचे, त्याच्या रंगावरून. म्हणून ग्रेहाउंड म्हणजे बॅजरची शिकार करणारा. इथे शब्दकोश न उघडताही उत्तर देता येतं. बॅजर रात्री बाहेर पडतो आणि बिळात घुसतो. त्याच्यामागे हा सडपातळ, डोळ्यावर विसंबणारा, मैदानात पळणारा कुत्रा काय कामाचा? बॅजरसाठी जर्मनांनी वेगळा कुत्रा घडवला, आखूड पायांचा, लांबट, बिळात शिरणारा. त्याचं नाव डाक्सहुंड. डाक्स म्हणजे बॅजर. तिथे नाव आणि काम जुळतात.

११ जुलै

आज छोटी नोंद लिहायची असं ठरवलं होतं, पण हे मिळालं.

१४८६ मध्ये इंग्लंडात सेंट ऑल्बन्स इथे शिकार आणि ससाण्यांवरचं एक पुस्तक छापलं गेलं. त्यातला शिकारीचा भाग डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर सांगतात. चांगला ग्रेहाउंड कसा ओळखावा हे त्यात यमक जुळवून दिलंय. डोकं सापासारखं, मान बदकाच्या नरासारखी, पाय मांजराचे, शेपूट उंदराची, पाठीचा कणा तुळईसारखा. बाजारात बैल पारखणारा म्हातारा जसा पाठीवरून हात फिरवत बोलतो, तसं हे आहे. शिंग बघा, खूर बघा, वशिंड बघा.

त्या यादीत रंग नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं आहे, पण रंग नाही. तो करडा असणं हीच त्याची ओळख असती तर पारख करणाऱ्यानं ते सोडलं असतं का? त्याच्याही शंभर वर्षं आधी इंग्रज कवी चॉसरनं आपल्या यात्रेकरूंमधल्या एका शौकीन मठवाशाकडे ग्रेहाउंड दिले आहेत. त्यांच्याबद्दल तो सांगतो ते वेगाचं, उडत्या पाखरासारखे चपळ. रंगाचं काही नाही.

मुलांना सापाचं डोकं, बदकाची मान, मांजराचे पाय असं एकेक काढायला सांगितलं. वस्तीवरच्या मुलीनं चित्र काढलं नाही. ती म्हणाली, "बाई, आमच्या तांब्या कुत्र्याला पन अशीच मान हाय," आणि हातानं हवेत त्याच्या मानेची रेघ ओढून दाखवली. ती रेघ बरोबर होती.

१६ जुलै

'हाउंड'चा अर्धा भाग आज पूर्ण झाला, आमच्या संस्कृतच्या सरांमुळे. मी स्टाफरूममध्ये म्हटलं, हाउंड आणि श्वान एकच आहेत हे मुलांना कसं पटवू, ऐकायला तर दोन टोकं. सर म्हणाले, शंभराची मदत घ्या.

संस्कृत शत, लॅटिन केंटुम, इंग्रजी हंड्रेड. संस्कृत श्वन्, लॅटिन कानिस, इंग्रजी हाउंड. आपल्याकडे श, रोमकडे क, जर्मन कुळात ह. एकदा ही वाट दिसली की ती शब्दामागून शब्दात दिसते. जुन्या इंग्रजीत तर 'हुंड' म्हणजे कुत्राही आणि 'हुंड' म्हणजे शंभरही, दोन वेगळे शब्द एकाच आवाजावर येऊन थांबलेले. आयर्लंडमध्ये तोच शब्द 'कू' झाला. त्यांचा मोठा वीर कू खुलिन, म्हणजे कुलनचा कुत्रा. आपल्याकडे तो शुनःशेपाच्या नावात आहे आणि शौनक ऋषींच्याही.

मग सरांनी अमरकोश म्हणून दाखवला, त्यांना तो पाठ आहे. "कौलेयकः सारमेयः कुक्कुरो मृगदंशकः, शुनको भषकः श्वा स्यात्." पुढे शिकारीत तरबेज कुत्र्याला वेगळं नाव, विश्वकद्रु. आणि मादीला सरमा. मी तिथेच थांबवलं त्यांना. सरमा म्हणजे ऋग्वेदातली इंद्राची कुत्री, पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढत रसा नदी ओलांडून जाणारी. तिच्यावरून सारमेय, आणि सारमेय म्हणजे कुठलाही कुत्रा. मादीच्या नावावरून सगळ्या जातीचं नाव! 'ग्रेय'चं तेच झालं होतं. मादीचा शब्द पुढे उभा राहिला आणि सगळी जात त्याच्या मागे आली.

सरांनी जाता जाता तो प्रसिद्ध श्लोकही म्हटला, पाणिनीनं कुत्रा, तरुण आणि इंद्र यांना एकाच सूत्रात ओवलं तो. त्याचा कार्डाशी संबंध नाही, पण आज स्टाफरूममध्ये चार जण उभे राहून ऐकत होते, म्हणून इथे नोंदवला.

२० जुलै

शेजारच्या भाषांनी याच कुत्र्याला काय नावं दिली ते पाहिलं. फ्रेंच 'लेव्रिए', सशावरून, कारण ससा 'लिएव्र'. स्पॅनिश 'गाल्गो', गॉल देशावरून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या मुलखावरून. रोमन लोक त्याला गॉलचा कुत्रा म्हणायचे, आणि ओविडच्या काव्यात हाच गॉलचा कुत्रा मोकळ्या रानात सशामागे धावतो.

आणि जर्मन 'विंडहुंड'. इथे मी बराच वेळ थांबले. कुणालाही वाटेल, विंड म्हणजे वारा, वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा. पण जुन्या जर्मनमध्ये 'विंट' या एकट्या शब्दाचाच अर्थ हा कुत्रा असा होता. तो लोकांना कळेनासा झाला तेव्हा स्पष्ट करायला मागे 'हुंड' जोडला. मग पहिला भाग वारा म्हणून ऐकू येऊ लागला.

म्हणजे दोन शेजारी भाषांत, दोन वेगळ्या मुळांवर, तीच गोष्ट घडली. कुत्र्याचा जुना शब्द, त्याला टेकू म्हणून कुत्र्याचा दुसरा शब्द, आणि मग जुन्याच्या जागी एक ओळखीचा चेहरा. इंग्रजांनी त्या जागी रंग पाहिला, जर्मनांनी वारा. जर्मनांचा चुकीचा अर्थ जास्त सुंदर आहे, हे मला कबूल केलं पाहिजे.

२४ जुलै

मेलेल्या अर्ध्याचा मराठी शब्द सापडला. तीन आठवडे शोधत होते आणि तो रोज वापरातला निघाला. श्वापद.

जंगली श्वापदं, हिंस्र श्वापदं, असं आपण बातम्यांतही वाचतो. बिबट्या असो, तरस असो, श्वापदच. त्यात श्व आहे, म्हणजे कुत्रा. पद म्हणजे पाय. कुत्र्यासारखे पाय असलेलं ते श्वापद. पंजा उमटवणारं, खूर नसलेलं जनावर. रोजच्या मराठीत सुटा 'श्व' कुणी म्हणत नाही, आणि श्वापद म्हणताना कुणाला कुत्रा दिसत नाही. पण तो आत आहे, ग्रेहाउंडमधल्या 'ग्रे'सारखाच.

याच्याच मागून दुसरा धागा निघाला, आणि तो मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा वाटतो. जुन्या इंग्रजीत 'हुंड' म्हणजे कुठलाही कुत्रा. जर्मनमध्ये आजही तसंच. इंग्रजीत मात्र 'डॉग' नावाचा एक शब्द होता, जुन्या लिखाणात अगदी तुरळक सापडणारा, 'डोग्गा', त्याचं मूळ आजवर कुणाला लागलेलं नाही. सोळाव्या शतकापर्यंत त्यानं सगळं घर व्यापलं. हाउंडला एकच खोली उरली, शिकारीची. एक शब्द फुगला, दुसरा आकसला.

'डीअर'चं तेच. आज हरीण, पण पूर्वी कुठलंही जनावर. जर्मन 'टीअर' म्हणजे आजही जनावर. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये वेड्याचं सोंग घेतलेला एडगर उंदीर, घुशी आणि 'असलेच लहान डीअर' खाऊन दिवस काढल्याचं सांगतो. तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे.

आता आपला मृग घ्या. आज हरीण. पण वेदात मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, म्हणून वानर शाखामृग, म्हणून शिकार ती मृगया. अमरकोशातला मृगदंशक कुत्रा फक्त हरणाला चावणारा नव्हे. इंग्लंडच्या जंगलात आणि आपल्याकडच्या रानात, एकमेकांची खबर नसताना, 'जनावर' हा शब्द आकसत आकसत त्याच एका प्राण्यावर येऊन थांबला. ज्या जनावरामागे राजे धावले, त्याच्याच नावावर सगळ्या रानाचं नाव चढलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा माझाच आवाज जरा चढला होता.

३० जुलै

कार्डाचा पहिला खर्डा दोनशे दहा शब्दांचा झाला. ह्याल्टी, थ्रिम, पावरोटी, विंडहुंड, सगळंच त्यात. मर्यादा साठ. सगळ्यात जड गेलं ते थ्रिमचे सोन्याचे पट्टे काढणं. काढले. रंगाचा गैरसमज ठेवला, कारण बाहेर सगळीकडे तोच सापडतो आणि मुलांना पुढेही भेटणार. जिल्ह्यात वाटलेल्या एका सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेतही 'करडा कुत्रा' असंच छापलंय. आमच्या वर्गातल्या काहींना तर हा शब्द गडचिरोलीच्या सीमेवरच्या बातम्यांतून माहीत आहे, आंध्र-तेलंगणच्या पोलिसांच्या नक्षलविरोधी ग्रेहाउंड्स पथकांमुळे. त्यांनाही तो करड्या गणवेशावरून पडला असावा असंच वाटत होतं.

चित्र बदलायचं का? नाही. तांबूस कुत्र्याचंच ठेवलं. तेच चित्र प्रश्न विचारायला लावतं.

नवं कार्ड असं झालं :

"ग्रेहाउंड. वेगानं धावून ससा पकडणारा कुत्रा. यातला ग्रे म्हणजे करडा रंग नव्हे. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत याला ग्रीगहुंड म्हणत. जुन्या नॉर्स भाषेत ग्रेय म्हणजे कुत्री. हुंड म्हणजे कुत्रा, आपल्या श्वानाचा भाऊबंद. म्हणजे कुत्री-कुत्रा, पावरोटीसारखा जोडशब्द. पुढे ग्रेय विसरला गेला आणि लोकांना त्यात रंग ऐकू येऊ लागला. आपल्या श्वापद शब्दात कुठलं जनावर लपलंय, शोधा."

मोजले. साठाच्या आत. लॅमिनेशनला दिलं.

६ ऑगस्ट

कार्ड आज पेटीत परत गेलं. वाचायला त्याच मुलीला उभं केलं. ती सावकाश वाचत गेली, 'ग्रेय म्हणजे कुत्री' इथे थांबली, वर पाहिलं, आणि मग पुढचं वाचलं.

नंतर तिनं विचारलं, मग कारवान म्हणजे काय? कारवान फारसी, म्हणजे तांडा, व्यापाऱ्यांचा काफिला. तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आलेली कुत्री, म्हणून ते नाव, असं पाळणारे सांगतात. सीमेपलीकडे मुधोळला घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात, आणि २००५ मध्ये टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. तिकिटाचा फोटो मोबाईलवर दाखवला. "म्हंजी आमच्या कुत्र्याच्या नावात पन हाउंड हाय," ती म्हणाली. आहे. शिकार आता कायद्यानं गुन्हा आहे, ही कुत्री मेंढरं राखतात, पण नावात शिकार राहिली.

तास संपल्यावर ती दाराशी घुटमळत होती. घरी कुत्रीनं पिल्लं घातलीत. त्यातलं एक तांबडं तिच्या वाटणीचं, आणि त्याचं नाव तिनं ठरवलंय. ग्रे. आजोबांनी विचारलं, ह्यो तर तांबडा, ग्रे कसा? तिनं त्यांना कार्डावरचं सगळं सांगितलं. ते पट्टा वळत होते, म्हणाली.

कार्ड ३८ : डीअर. मजकूर जवळजवळ तयार आहे, चित्र अजून मिळालेलं नाही.